सीआरपी वाढलंय, म्हणजे काय?

आमच्या गटातल्या एका ताईंनी रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. "यात सीआरपी वाढलंय म्हणे. सीआरपी तर आपल्या गावातल्या ताई ना?" आम्हाला हसू आलं. पण कुणीतरी 'कॅन्सर असेल' म्हटल्याने त्या दोन रात्री झोपल्या नव्हत्या.

आपल्या उमेद अभियानात सीआरपी म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती. गट बांधणारी आपल्यातलीच बाई. सीआरपीएफमधलं सीआरपी म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस. आणि रक्ताच्या रिपोर्टात सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. हे प्रथिन यकृतात तयार होतं. अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की वाढतं. १९३० मध्ये अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांवर संशोधन करताना ते सापडलं.

पण हा नुसता धूर आहे. आग कुठे लागली, ते डॉक्टरच तपासून सांगतात. आकड्याचंही तसंच. एक लॅब लिटरमागे मिलिग्रॅम लिहिते, दुसरी डेसिलिटरमागे. त्यामुळे एकीचे १० म्हणजे दुसरीचा १. म्हणून शेजारणीच्या रिपोर्टाशी तुलना नको. आपल्याच रिपोर्टवर छापलेली मर्यादा बघायची.

ताईंची दाढ पिकली होती. औषधाने आठवड्यात उतार पडला.

तेव्हा असा आखूड शब्द दिसला, की आधी बघा, कागद कुठला आहे? दवाखान्याचा, बँकेचा की कचेरीचा? मग विचारा, "याचं पूर्ण नाव काय?" सही करण्याआधी विचारतो ना, तसंच घाबरण्याआधीही विचारायचं.