‘राम’ शोधला की ‘राजाराम’ का येतो?

प्रोजेक्ट कुठलाही असो, त्यात डेटाबेस असतो आणि एक सर्च बॉक्स असतोच. इंग्लिश नावं टाकली की डेमो मस्त होतो. मराठी टाकलं की खरी परीक्षा!

समजा, कोल्हापुरातल्या पत्त्यांच्या टेबलमध्ये ‘राम’ हा शब्द शोधायचाय. आपण एसक्यूएलचं ‘लाइक’ वापरतो आणि दोन्ही बाजूंना टक्का लावतो: %राम%. म्हणजे र, काना, म ओळीने कुठेही आले तरी चालतील. मग ‘राम मंदिर’बरोबर ‘राजारामपुरी’, ‘ग्रामपंचायत’ आणि ‘आराम’सुद्धा हजर! शिवाय सुरुवातीलाच टक्का असला की साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही, अख्खं टेबल वाचावं लागतं.

म्हणून पूर्ण शब्द शोधायला रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘बॅकस्लॅश बी’ असतं. ते शब्दाची हद्द ओळखतं: एका बाजूला शब्दातलं अक्षर, दुसऱ्या बाजूला स्पेस किंवा विरामचिन्ह. इंग्लिशमध्ये लिहिलेल्या ‘प्रोग्रॅम’मधला ‘रॅम’ यामुळे बरोबर गळतो.

पण पायथॉनचं नेहमीचं ‘आरई’ मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांना शब्दातलं अक्षर धरतच नाही. ‘राजाराम कॉलेज’मध्ये ‘जा’चा काना आला की त्याच्या मते तिथे हद्द झाली आणि पुढे ‘राम’ हा नवा शब्द! ‘आराम’ मात्र गळतो, कारण ‘आ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. मायएसक्यूएलमध्येही 8.0.4 च्या आधीचं रेग्युलर एक्स्प्रेशन बाइट-बाइटने चालायचं, म्हणून मराठीवर भरवसा नव्हता. त्यानंतर युनिकोड समजणारी आयसीयू लायब्ररी आली. पायथॉनमध्ये सोपा उपाय म्हणजे हद्द आपणच सांगायची: शब्दाच्या आधी किंवा नंतर देवनागरी अक्षर नको आणि काना-मात्राही नको.

झालं? नाही. आता हद्द अचूक झाली, म्हणून ‘पेठ’ शोधल्यावर ‘मंगळवार पेठेत’ सापडत नाही! मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटतो. ‘कोल्हापूर’चं तर ‘कोल्हापुरात’ होताना ‘पू’चा ‘पु’ होतो, त्यामुळे टक्का लावूनही ते हाती लागत नाही.

यातली कुठली चूक जास्त वाईट? जादा आलेला ‘राजाराम’ डोळ्यांना दिसतो, आपण तो सोडून देतो. न आलेली ‘पेठेत’ दिसतच नाही. स्क्रीनवर ‘रेकॉर्ड सापडलं नाही’ असं आलं की काउंटरवरचा माणूस विश्वास ठेवतो आणि समोरच्याला परत पाठवतो.

म्हणून पत्त्यातली पेठ वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि ती लिस्टमधूनच निवडायला लावा. मोठ्या मजकुरासाठी मूळ शब्दाबरोबर त्याची रूपंही शोधा: पेठ, पेठेत, पेठेतील, पेठेचा. आणि टेस्टिंग करताना ‘राम’, ‘राजाराम’, ‘पेठेत’ आणि ‘कोल्हापुरात’ हे चार शब्द टाकून बघाच. चारही पास झाले, तरच सर्चला मराठी येतं म्हणा!