मुंबईच्या सागवानाची 'सुहैली'

एकट्या माणसाने, कोठेही न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करण्याचा पहिला मान रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश खलाशाकडे जातो. 14 जून 1968 रोजी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून निघालेला हा तरुण 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी त्याच बंदरात परतला. त्याचे नाव जगभर झाले. परंतु ज्या लाकडी नौकेने त्याला सुमारे 30 हजार मैल सांभाळून नेले, ती 'सुहैली' मुंबईत, येथील सुतारांच्या हातून, सागवानातून घडली होती, याची आठवण आपल्याकडे क्वचितच केली जाते.

बांधणी

मुंबईस जहाजबांधणीची परंपरा जुनी आहे. 1736 मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने ती नावारूपास आणली. येथे 1817 मध्ये पाण्यात सोडलेली सागवानी 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. सागवानातील नैसर्गिक तेलामुळे ते पाण्यात सहसा कुजत नाही आणि ओक लाकडाप्रमाणे त्यातील लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत.

1939 साली जन्मलेले नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते. मुंबई आणि इराणचे आखात या मार्गावर काम करीत असताना स्वतःची नौका बांधावी असे त्यांच्या मनाने घेतले. विल्यम अ‍ॅटकिन यांनी 1920 च्या दशकात तयार केलेला जुना, पण दणकट आराखडा त्यांनी निवडला आणि कुलाबा वर्कशॉपमध्ये काम सुरू झाले. सुतारांची हत्यारे पिढीजात होती : लाकूड तासण्यास वाकस, भोके पाडण्यास दोरीने फिरणारा सामता. सुमारे 32 फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची ही नौका 1964 च्या अखेरीस नारळ फोडून पाण्यात सोडण्यात आली. आखातातील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्यास ज्या नावाने ओळखतात, तेच 'सुहैली' हे नाव तिला देण्यात आले.

त्यानंतर 1965 ते 1967 या काळात नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपला भाऊ व एक सहकारी यांच्यासह ही नौका मुंबईहून आफ्रिकेच्या किनाऱ्याने लंडनला नेली. प्रवासाचा अखेरचा टप्पा, केपटाऊन ते लंडन, त्यांनी 74 दिवसांत न थांबता पार केला. या प्रवासात तरुण खलाशाला आपल्या नौकेचे गुणदोष नीट उमगले.

दुरुस्ती हीच परीक्षा

पृथ्वीप्रदक्षिणेसाठी त्यांना खरे तर नवी, मोठी पोलादी नौका हवी होती. परंतु पैशाची सोय झाली नाही, म्हणून 'सुहैली'च सिद्ध करावी लागली. लंडनच्या 'संडे टाइम्स'ने जाहीर केलेल्या या शर्यतीत नऊ जण उतरले होते. त्यांत 'सुहैली' ही लहान आणि संथ नौकांपैकी एक होती.

प्रवासास निघून काही आठवडे होतात तोच नौकेत पाणी शिरू लागले. पाण्याखाली बुडी मारून पाहिले असता तळाच्या कण्यालगत, दोन्ही बाजूंस, सुमारे 8 फूट लांबीची फट उघडलेली दिसली. त्यांनी बुड्या मारीत फटीत कापसाची दोरी ठासली, त्यावर कापडाची पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा बसविला. काम चालू असताना शार्क मासा भोवती घिरट्या घालू लागला, तेव्हा बंदुकीने त्यास मारावे लागले. पुढे दक्षिण महासागरात एका प्रचंड लाटेने नौका आडवी केली आणि केबिनचे सांधे हलले. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या दूषित झाल्या, म्हणून पावसाचे पाणी साठवावे लागले. संदेश पाठविण्याचे रेडिओयंत्र बंद पडले. ऑस्ट्रेलियाच्या पलीकडे नौकेस आपोआप दिशा देणारी यंत्रणाही मोडली. मग त्यांनी शिडांचा तोल असा साधला की, सुकाणू हाती न धरताही नौका बहुतांशी आपली वाट धरून चाले.

न्यूझीलंडनंतर चार महिन्यांहून अधिक काळ त्यांची खबर जगास मिळाली नाही. नऊ स्पर्धकांपैकी प्रदक्षिणा पुरी करणारे ते एकटेच ठरले. पारितोषिकाचे 5,000 पौंड त्यांनी त्याच शर्यतीत प्राण गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबास दिले.

या साऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. लाकडी नौका बिघडत नाही असे नव्हे. ती बिघडते, पण साध्या हत्यारांनी आणि जाणत्या हातांनी भरसमुद्रात दुरुस्त करता येते. नौका बळकट असणे जितके आवश्यक, तितकेच तिच्या मालकास तिची फळी न् फळी ठाऊक असणे आवश्यक असते.

लाकूड पाण्यात जगते

पुढे 'सुहैली' ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. परंतु तेथील कोरड्या, नियंत्रित हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. समुद्राने जे केले नाही ते संग्रहालयात होऊ लागलेले पाहून नॉक्स-जॉन्स्टन यांनी 2002 मध्ये तिला बाहेर काढले आणि अनेक वर्षे खपून तिची दुरुस्ती केली. 2018 मध्ये, मूळ प्रवासास 50 वर्षे झाली तेव्हा, ती पुन्हा फाल्मथच्या पाण्यावर होती.

या प्रवासाचा धागा भारताशी पुन्हा जुळला. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्या पूर्वतयारीत नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. 2018 च्या स्मृतिशर्यतीसाठी अभिलाष टोमी यांनी 'सुहैली'ची प्रतिकृती असलेली 'तुरीय' ही नौका गोव्यातच बांधून घेतली होती. हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि जखमी टोमी यांची सुटका करावी लागली. पण पुढच्या, 2022-23 च्या शर्यतीत त्यांनी दुसरा क्रमांक मिळविला.

किनाऱ्यावरील विद्या

कोकण किनाऱ्यावर आज फायबरच्या होड्यांचे प्रमाण वाढले आहे. त्या हलक्या असतात व त्यांची निगाही कमी लागते, त्यामुळे मच्छीमारांनी त्या स्वीकारणे स्वाभाविकच आहे. परंतु लाकडी होडी बांधणारे सुतार कमी होतात, तेव्हा एक मोठी विद्याही मागे पडते. कोणते लाकूड कोठे वापरावे, वाक कसा साधावा, सांधा कसा भरावा, हे ज्ञान बहुधा पुस्तकात नसते. ते हातांत आणि बोलीत असते. किनाऱ्यावरील शाळांनी आपल्या गावातील वयोवृद्ध नौकाकारागिरांना वर्गात बोलवावे, विद्यार्थ्यांनी हत्यारांची व नौकेच्या भागांची स्थानिक नावे टिपून ठेवावीत, आणि ग्रामपंचायतींनी अशा नोंदी जपाव्यात. यास मोठा खर्च लागत नाही. 'सुहैली'च्या सुतारांची नावे जगाला ठाऊक नाहीत. आपल्या गावातील कारागिरांच्या बाबतीत तसे होऊ न देणे आपल्या हाती आहे.