जाम नटाची सोडवणूक

मोटारीच्या घरगुती दुरुस्तीविषयी मराठीत जे थोडेबहुत लिहिले जाते, त्यात इंजिनाची रचना, बॅटरीची निगा आणि टायरांतील हवा यांचा ऊहापोह विस्ताराने होतो. परंतु ज्या अडचणीपाशी घरी काम करणाराचा निम्मा दिवस खर्ची पडतो आणि अर्धवट उघडलेली गाडी अखेर ओढून गॅरेजात न्यावी लागते, त्या जाम झालेल्या नटाचा उल्लेख क्वचितच एखाद्या ओळीपलीकडे जातो. हा अन्याय दूर व्हावा असे मला मनापासून वाटते. नट कशाने अडकला आहे याची रुजुवात केल्याखेरीज पान्याला हात लावू नये, आणि कारण एकदा कळले की उपायांचा क्रम आपोआप ठरतो, हे माझे प्रतिपादन आहे.

सुस्थितीतला नटदेखील घर्षणाच्याच आधारावर जागी राहतो. नट आवळला की बोल्ट अतिसूक्ष्म ताणला जातो आणि त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. पान्यावर लावलेल्या श्रमांपैकी स्थूलमानाने एक दशांशच या ताणाच्या कामी येतात, उरलेले नटाच्या बुडाखालील आणि आट्यांमधील घर्षणात खर्च होतात. या घर्षणात गंजाची भर पडली की मामला बिघडतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहूनही अधिक जागा व्यापतो; आट्यांमधली फट मुळातच केसाएवढी, ती या विस्ताराने गच्च भरून जाते, आणि पावसाळ्यात फुगलेले दार चौकटीत बसावे तसा नट बोल्टावर घट्ट बसतो. सायलेन्सरकडच्या नटांना प्रखर उष्णतेचा जाच असतो; वारंवार तापून निवून त्यांच्या पृष्ठावर जळकी खपली धरते. पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमच्या भागात बसवला असेल तर ओलाव्याच्या साहाय्याने दोन धातूंत विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते, अॅल्युमिनियम झिजू लागते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत साचते. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत गाड्यांच्या बुडाची जी दशा होते, तीच टोरांटो किंवा डेट्रॉइटकडे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने होते; तिकडे मजुरी महाग असल्यामुळे स्वतःच्या गाडीखाली शिरणारी मराठी माणसेही या विषयाशी चांगलीच परिचित असतात.

दुसरे कारण इतिहासातून आले आहे आणि त्याची दखल फारशी कोणी घेत नाही. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली आट्यांचे एकसारखे प्रमाण सुचवले. त्यात आट्याचा कोन 55 अंशांचा होता. अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे 60 अंशांची पद्धती मांडली, आणि युरोपखंडात मिलिमीटरची वहिवाट स्वतंत्रपणे रूढ झाली. या तिन्ही घराण्यांचा वारसा आपल्या गॅरेजांतून एकत्र नांदला. उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर ब्रिटिश वंशाची म्हणून तिचे नट इंची मापाचे, तर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होणारी फियाट इटालियन वंशाची म्हणून तिचे नट मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना सहज चढतो, सैल कामाला चालूनही जातो. पण जाम नटावर हीच 0.3 मिलिमीटरची सूट घातक ठरते, कारण सगळा जोर कोपऱ्यांच्या टोकांवर एकवटतो, कोपरे घासले जातात आणि षट्कोनी नट गोल होतो. म्हणून अशा वेळी नेमक्या मापाचा, शक्यतो सहा कोनांचा सॉकेट वापरावा; बारा कोनांचा सॉकेट हाताळायला सोयीचा असला तरी कोपऱ्यांवर त्याची पकड कमी असते. सरक पाना तर या कामी मुळीच आणू नये.

प्रत्यक्ष उपायांत पहिला मान तारेच्या ब्रशाला. नटाबाहेर डोकावणाऱ्या बोल्टाच्या आट्यांवर चिखल आणि गंज तसाच राहिला, तर सुटू लागलेला नटही पुढे त्याच मळीत पुन्हा अडकतो. त्यानंतर तेल. आपले जुने मिस्त्री रॉकेल किंवा डिझेल वापरत आले आहेत. सर्वत्र मिळणारे डब्ल्यूडी-40 सॅन डिएगो येथे 1953 साली तयार झाले ते पाणी हटवण्यासाठी, आणि अॅटलास क्षेपणास्त्राचे बाह्य कवच गंजू नये म्हणून ते वापरले गेले. आट्यांत मुरणे हा त्याचा मूळ उद्देश नव्हता, म्हणून मुरणारे तेल म्हणून खास बनवलेला पदार्थ मिळत असेल तर त्याला प्राधान्य द्यावे. तेल कोणतेही असो, ते केशाकर्षणाने आत शिरते आणि त्याला अवधी लागतो. संध्याकाळी तेल सोडून सकाळी काम धरणारा मनुष्य, पाच मिनिटांत पान्याला लोंबकळणाऱ्याच्या तुलनेत, बहुधा लवकर मोकळा होतो.

येथे लांब पाइपाविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. साधारण चांगल्या प्रतीचा 10 मिलिमीटर व्यासाचा बोल्ट सुमारे 5 किलोग्रॅम-मीटर इतका आवळायचा असतो. 90 सेंटिमीटरचा पाइप पान्याला जोडून 30 किलोंचा भार दिला तर बोल्टावर 27 किलोग्रॅम-मीटर येतात. एवढा पीळ सोसण्याची त्याची ऐपत नसते आणि तो तुटून निम्मा आतच राहतो. सलग जोराऐवजी धक्का द्यावा. नटाच्या एका सपाट बाजूला जड हातोडा टेकवून समोरच्या बाजूवर दुसऱ्या हातोड्याने ठोके दिले, की गंजाची पकड तडकते. नंतर नट आधी आवळण्याच्या दिशेने किंचित ढकलून पाहावा, मग सोडण्याच्या दिशेने. दोन्हीकडे थोडेथोडे हलवत, मधूनमधून तेल देत पुढे जावे. नट आणि बोल्टाच्या टोकावरून खडूची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पाना पुढे जातो तेव्हा बऱ्याचदा नट सरकलेला नसतो, नटासकट बोल्टच पिळला जात असतो. रेघ अखंड राहून दोन्ही एकत्र फिरत असतील आणि पाना सोडताच पूर्वस्थितीवर येत असतील, तर धोका ओळखून थांबावे. रेघ तुटून नटावरचा अंश बाजूला गेला, आट्यांच्या मुळाशी तांबूस भुकटी दिसली आणि कोरडा करकर आवाज आला, तर नट खरोखर सुटला असे समजावे. दिशेचीही खातरजमा करावी. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे सर्वांना ठाऊक असते; क्रायस्लरच्या कित्येक जुन्या मोटारींत डाव्या बाजूच्या चाकांचे आटेही तसेच उलटे असत.

इतक्यानेही न बधणाऱ्या नटाला उष्णता द्यावी. 10 मिलिमीटरचे भोक असलेला पोलादी नट 250 अंशांनी तापला, तर ते भोक सुमारे 0.03 मिलिमीटरने रुंदावते. अंतर क्षुल्लक दिसते, पण गंजाचा थर भेगाळायला ते पुरेसे असते. मात्र ज्योत नटावरच धरावी, बोल्ट तापला तर लाभ उरत नाही. तापल्या नटाच्या काठाला मेणबत्तीचे मेण टेकवले तर ते वितळून आट्यांत ओढले जाते, आणि ही युक्ती मला विशेष प्रिय आहे. परंतु पेट्रोलची टाकी, इंधनाच्या नळ्या, ब्रेकचे होज आणि रबरी बुश यांच्या आसपास ज्योत सर्वथा वर्ज्य समजावी. मुरणारी तेले स्वतःच ज्वालाग्राही असतात, आणि क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरचा अंश राहिलेल्या भागाला ज्योत लागली तर फॉस्जीनसारखा प्राणघातक वायू निर्माण होतो. याबाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली पान्याला हिसडे देऊ नयेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच एकदा सैल करून घ्यावेत, आणि खाली शिरण्यापूर्वी घोडी लावलीच पाहिजे.

सर्व उपाय थकले तर नटाचा त्याग करावा. नट फोडण्याचे हत्यार किंवा धारदार छिन्नी यांनी तो एका बाजूने चिरला की तो हाती येतो आणि बोल्टाचे आटे बहुतेक वाचतात. काही रुपयांचा नट वाचवण्याच्या अट्टहासात महागडा स्टड मोडणे हा व्यवहार नव्हे.

जोडणीच्या वेळी नवा नट घ्यावा, आटे डायने साफ करावेत आणि सायलेन्सरकडच्या आट्यांना तांब्याची भुकटी मिसळलेली, उष्णता सोसणारी ग्रीस लावावी. चाकाच्या नटांना मात्र ती आपल्या मर्जीने लावू नये. वंगणाने घर्षण कमी होते, त्यामुळे टॉर्क पान्यावर नेहमीचा आकडा दिसत असूनही स्टडावर ताण अधिक येतो. म्हणून त्या ठिकाणी गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच प्रमाण मानावे, आणि 50 ते 100 किलोमीटर गाडी चालवल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.