शिंक आली की पोटात गोळा!

गौरी जागवायची रात्र होती. कोल्हापुरात त्या रात्री गल्लोगल्ली झिम्मा-फुगडीचा नुसता दणका असतो. आमच्याही गल्लीत फेर धरला होता. घागर घुमली, सूप नाचलं, पोरीबाळींपासून सासवांपर्यंत सगळ्या घामाघूम झाल्या. एक काकू मात्र भिंतीला टेकून बसलेल्या. एके काळी फुगडीत त्यांना जोड मिळायची नाही. पोरींनी हाताला धरून ओढलं, तर म्हणाल्या, "गुडघं लई दुखत्यात गं. तुम्ही खेळा जावा."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात दोघीच होतो, तेव्हा खरं काय ते कळलं. गुडघे ठणठणीत होते. "काय सांगू तुला," काकू हळूच म्हणाल्या, "उडी मारली की गळतं. शिंकलं की गळतं. जोतिबाच्या पायऱ्या उतरताना पण तीच गत. तीन वर्षं झाली, यष्टीनं लांब कुठं गेलो न्हाई बघ."

तीन वर्षं! एवढ्या काळात त्यांनी नवऱ्याला, सुनेला, कुणालाच सांगितलं नव्हतं. जुन्या लुगड्याच्या घड्या वापरायच्या, त्या लपवून धुवायच्या आणि लग्नाकार्याला जायच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद करायचं, हा त्यांचा उपाय. एकदा मेडिकलमधून महिन्याची पॅड आणून बघितली, तीही भिजून मांड्या ओल्या झाल्या. मग त्यांनी ठरवूनच टाकलं, की आता वयच झालं, घरात बसायचं.

मैत्रिणींनो, या काकू तुमच्या घरातही असतील. कदाचित तुम्ही स्वतःच असाल. म्हणून आज या न बोलायच्या विषयावर मोकळेपणानं बोलू या. लघवी गळण्यावर पॅड असतात. पण ते कुठलं, केवढं आणि कसं, हे माहीत नसेल तर पैसेही जातात आणि धीरही.

गळतं कशानं?

मूत्राशय ही एक पिशवी. तिचं तोंड आवळून धरायला खाली स्नायूंची झोळी असते. बाळंतपणं, पाळी जाणं, वाढलेलं वजन, जुनाट खोकला, सततची बद्धकोष्ठता, वर्षानुवर्षं उचललेली ओझी यांनी ही झोळी सैल पडते. मग शिंकलं, खोकलं, हसलं, घागर उचलली की पोटावर दाब येतो आणि थेंब निसटतात. दुसरा प्रकार घाईचा. लघवीची भावना झाली की दाराशी पोचेपर्यंत धीर निघत नाही. पुष्कळ जणींना दोन्ही त्रास थोडे थोडे असतात.

तुमचा प्रकार कुठला हे ओळखणं पॅड घेतानाही कामाला येतं. पहिल्या प्रकारात चमचा-दोन चमचे गळतं. दुसऱ्यात एकदम बरीच लघवी होऊन जाते. दोघींना एकच पॅड कसं चालेल?

महिन्याचं पॅड का पुरत नाही?

काकूंची चूक इथेच झाली, आणि ती बहुतेकींची होते. पाळीचा स्राव दाट असतो आणि हळूहळू येतो. पाळीचं पॅड त्या हिशेबानं केलेलं असतं. लघवी पातळ, आणि ती एका झटक्यात येते. पॅडला ती शोषून घ्यायला उसंतच मिळत नाही, म्हणून ती कडेनं वाहते. जी शोषली जाते ती वरच्या थरात राहून कातडीला ओल लागते, वासही येतो.

लघवीच्या पॅडमध्ये आत बारीक दाण्यांची पूड असते. ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन फुगते आणि जेलीसारखी होते. त्यामुळे वर बसलं तरी पाणी परत बाहेर येत नाही. वासही बराच आवरला जातो. थेंब-दोन थेंबांपुरतं पाळीचं पातळ पॅड चालून जाईल, त्यापुढे नाही.

आणखी एक युक्ती सगळ्या करतात, ती म्हणजे एकावर एक दोन पॅड. याचा काही उपयोग नाही. पॅडच्या पाठीला प्लास्टिकचा थर असतो. वरचं भरलं की लघवी खालच्यात न जाता कडेनंच बाहेर येते.

आधी मोजा, मग घ्या

साडी घेताना आपण दहा दुकानं पालथी घालतो, मग इथे अंदाजपंचे का? किती गळतं ते घरीच मोजता येतं. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर कोरं पॅड वजन करून ठेवा. वापरून झालं की ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुन्हा वजन करा. जेवढे ग्रॅम वाढले, साधारण तेवढे मिलिलिटर गळलं. असं दोन-तीन दिवस केलं की चित्र स्पष्ट होतं. कितीदा गेलात, केव्हा गळलं, त्या वेळी काय करत होतात, हेही कॅलेंडरवर टिपून ठेवा. पुढे डॉक्टरांना दाखवायला ही टिपणं फार उपयोगी पडतात.

पाकिटावर छापलेल्या आकड्यावर मात्र जाऊ नका. तो पॅड प्रयोगशाळेत पाण्यात बुडवून काढलेला असतो. बसता-उठताना, अंगाच्या दाबाखाली ते त्याहून बरंच कमी धरतं. त्यापेक्षा नवीन पॅड आणलं की एक वाया घालवा. त्यावर अर्धा कप पाणी पटकन ओता, मिनिटभर थांबा, वर कोरा कागद ठेवून तळव्यानं दाबा. कागद कोरडा निघाला तर पॅड चांगलं.

कुठलं, कुणासाठी?

शिंकताना-हसताना थेंब गळत असतील तर लघवीसाठीचं लहान, पातळ पॅड पुरे. ते चड्डीला चिकटतं, साडीतून किंवा ड्रेसमधून कळतही नाही. घाईमुळे एकदम जास्त होत असेल, तर लांब, मधोमध जाड आणि कडेला उभी झालर असलेलं पॅड बघा. ती झालर बांधासारखी काम करते.

प्रवासात, लग्नात, दिवसभर स्वच्छतागृह मिळण्याची खात्री नसेल तेव्हा चड्डीसारखं घालायचं डायपर सोयीचं. चालत्या-फिरत्या बाईला हेच बरं, कारण स्वतःला काढता-घालता येतं. दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या असलेलं डायपर अंथरुणावरच्या माणसासाठी. मेडिकलवाला पुष्कळदा 'मोठ्यांचं डायपर' म्हटलं की हेच पुढे करतो. तेव्हा 'चड्डीसारखं द्या' असं स्पष्ट सांगा. लहान दुकानात लघवीचं वेगळं पॅड मिळालं नाही, तर मोठ्या दवाखान्यांच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत विचारा.

डायपर घेताना शिंप्याची टेप काढा. कंबर आणि नितंब, दोन्ही मोजा, मोठा आकडा धरा आणि पाकिटावरच्या तक्त्याशी ताडून बघा. मोठा साईज घेतला की जास्त शोषतो, हा गैरसमज आहे. सैल डायपरच्या मांडीपाशी फट राहते आणि सगळं तिथूनच गळतं.

साडी नेसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. नुसत्या परकरावर पॅड राहत नाही. अंगाला घट्ट बसणारी सुती चड्डी हवी. नऊवारी नेसणाऱ्या आजींना चड्डीची सवय नसते आणि कासोट्यामुळे काढ-घाल अवघड होते. त्यांच्याशी आधी गोडीनं बोलून घरातल्या घरात चार दिवस सवय होऊ द्यावी. प्रवासाच्या दिवशीच पहिल्यांदा घालायला लावू नये.

आणि आपल्या जुन्या सुती घड्या? त्या टाकून द्यायची गरज नाही. घरात असताना, थोडं गळत असेल तर मऊ सुती घडी किंवा धुवायचं कापडी पॅड उत्तम. फक्त ते ओलं झालं की लगेच बदला, साबणानं धुवा आणि लाजेनं कोपऱ्यात न वाळवता कडक उन्हात वाळवा. रात्रीसाठी गादीवर मेणकापड आणि त्यावर सुती चादर हा आजीच्या वेळचा उपाय आजही तितकाच चांगला आहे.

खर्चाचं गणित

पाकिटाची किंमत बघू नका, एका नगाची बघा. समजा एक नग 40 रुपयांना पडला आणि दिवसाला दोन लागले, तर महिन्याचे 2400 रुपये झाले! म्हणून घरात कापडी, बाहेर जाताना पॅड आणि लांबच्या प्रवासालाच डायपर अशी वाटणी केली तर खर्च निम्म्याखाली येतो. पहिल्यांदा लहान पाकीटच आणा, पटलं तर मोठं. पाळीच्या पॅडवरचा जीएसटी जुलै 2018 मध्ये माफ झाला. डायपरवर तो 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला आहे. तेव्हा बिल मागून घ्यायला संकोच नको.

कातडी जपा, कचराही जपून टाका

ओल लागली की पॅड बदला. कोरडं वाटलं तरी दिवसभर एकच ठेवू नका. प्रत्येक वेळी साध्या पाण्यानं धुऊन, न घासता टिपून कोरडं करा. पावडर नको, ती ओलीनं गोळा होऊन टोचते. लाली आली तर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात पुरे. जाड थापलं तर ते पॅडला लागून पॅडचं शोषणंच बंद होतं.

वापरलेलं पॅड संडासात टाकू नका, जाळू नका, आणि पंचगंगेत तर मुळीच नको. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, दोरा बांधून घंटागाडीत वेगळं द्या. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक भगिनींनी अशा पुडीवर लाल ठिपका काढायची विनंती लोकांना केली होती. ठिपका दिसला की उघडून बघायला नको, हात घालायला नको. तीही कुणाची आई-बहीणच असते. आपणही एवढं करू शकतो.

पाणी तोडू नका

बाहेर जायचं म्हणून पाणी न पिणं हा आपल्याकडचा जुनाच आजार. त्याला कारणही तसंच आहे. बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसतं. मुंबईत 2011 मध्ये महिला कार्यकर्त्यांना 'राईट टू पी' नावाची मोहीमच उभारावी लागली. पण पाणी कमी प्यायलं की लघवी कडक होते, मूत्राशयाला टोचते, घाई आणखी वाढते आणि बद्धकोष्ठतेनं झोळी आणखी सैल होते. पाणी थोडं थोडं, दिवसभर प्या. कमी करायचा तर चहा कमी करा.

पॅड हा उपचार नव्हे

हे सगळ्यात महत्त्वाचं. पॅडमुळे तुम्ही घराबाहेर पडता, पण गळणं थांबत नाही. ते थांबवायला किंवा निदान कमी करायला उपाय आहेत. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये खालच्या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं, तो आजही पहिला उपाय मानतात. चारचौघांत वायू अडवून धरताना आपण जे स्नायू आत ओढतो, तेच हे स्नायू. ते आवळा, काही सेकंद धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. श्वास रोखू नका, पोट-मांड्या ताणू नका. एका वेळी आठ, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. भाजी निवडताना करा, टीव्ही बघताना करा, कुणाला कळणारही नाही. लघवी करता करता मात्र करू नका. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका!

एकदा डॉक्टरांकडे जाच. लघवीतला जंतुसंसर्ग, मधुमेह, ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या, अंग बाहेर येणं, यांपैकी काहीही कारण असू शकतं. साधी लघवीची आणि साखरेची तपासणी पुष्कळ काही सांगून जाते. कोल्हापुरात सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यातही स्त्रीरोग विभाग आहे. लघवीत रक्त, जळजळ आणि ताप, बाळंतपणानंतर किंवा पिशवीच्या ऑपरेशननंतर सतत ठिबकणं, यांपैकी काही असेल तर दिवस काढू नका. पाय लुळे पडून किंवा बसायच्या जागी बधिरपणा येऊन अचानक गळायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आमच्या काकूंचं काय झालं? त्यांनी मोजून बघितलं, तर दिवसाचं जेमतेम तीन-चार चमचे! त्यासाठी तीन वर्षं घरात बसल्या होत्या. लहान पॅड त्यांना पुरलं. व्यायाम सुरू केला, मध्येच सोडला, सुनेनं पुन्हा लावून धरला. हो, सुनेला सांगितलं त्यांनी. सून म्हणाली, "आई, बाळंतपणापासून मला पण होतंय की!"

गळणं पूर्ण थांबलंय असं नाही. पण परवा काकूंचा फोन आला तो नरसोबाच्या वाडीच्या स्टँडवरून. "पिशवीत दोन पॅड आहेत," म्हणाल्या, "आणि पाण्याची बाटली पण घेतलीय भरून."