एकास तीनचा हिशेब

वर्सोवा ते भाईंदर या सागरी किनारा मार्गासाठी ४५ हजारांहून अधिक तिवरे तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये परवानगी दिली. बदल्यात तिप्पट रोपे लावण्याची हमी मुंबई महापालिकेने दिली आहे आणि पर्यायी वनीकरणासाठी चंद्रपूर जिल्ह्यातली जमीनही दाखवली आहे. त्याच वर्षी उत्तनजवळच्या डोंगरीत मेट्रो ९ च्या कारशेडसाठी बारा हजारांच्या घरात झाडे काढण्याची नोटीस निघाली, तेव्हाही बदली लागवडीचा आकडा सोबत होताच. मीरा-भाईंदरच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यान, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी. हे शहर वाढणार तर रानाला किंवा खारफुटीला हात लागणार, आणि दर वेळी हाच हिशेब पुढे केला जाणार. म्हणून तो एकदा नीट तपासायला हवा. त्यातला गुणाकार बरोबर आहे. घोळ मोजमापात आहे: झाडे मोजायला सोपी, म्हणून आपण झाडे मोजतो आणि तोडतो मात्र जंगल.

या घोळाला सरकारी आधारही आहे. देशाच्या वन सर्वेक्षणात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर दहा टक्के झाडांचे छत्र असले, की ते वनाच्छादन धरले जाते. झाडे कोणत्या जातीची, लावलेली की आपोआप उगवलेली, हा प्रश्न तिथे येत नाही. काजूची बाग, निलगिरीच्या रांगा आणि चेणे-येऊरचे रान एकाच रकान्यात बसते. त्यामुळे जुने जंगल जाऊनही अहवालातला हिरवा रंग वाढू शकतो. येऊरच्या उतारांवर ऐन, पळस, काटेसावर आहेत, तशा करवंदीच्या जाळ्या आहेत, वेली आहेत आणि सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी आहे. झाडांच्या यादीत कारवी येतच नाही, कारण ती झुडूप. पण पावसाळ्यात डोंगराची माती धरून ठेवण्याच्या कामात तिचाही वाटा असतो.

उजाड टेकड्या झटपट हिरव्या दिसाव्यात म्हणून मुंबई-ठाणे परिसरात मध्य अमेरिकेतून आलेली गिरीपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, मोठ्या प्रमाणावर लावली गेली. टेकड्या हिरव्या झाल्याही, पण इथल्या पाखरांना आणि किड्यांना त्या हिरवाईचा फारसा उपयोग नाही. विदर्भात यापेक्षा मोठा प्रयोग झाला. १९७४ साली स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाने मिश्र जंगल काढून तिथे सागाची लागवड केली. साग आपलाच, देशी. तरीही एकट्या सागाचे रान हे जंगल होत नाही. त्याच्या रुंद पानांवर पाऊस साठून थेंब मोठे होतात आणि उंचावरून जमिनीवर आदळतात. खालचे गवत-झुडूप साफ केलेले किंवा वणव्यात जळालेले असले, की वरची सुपीक माती वाहून जाते. मोह, तेंदू, चारोळी, आवळा गेल्यावर गावाची मिळकतही जाते. दप्तरी मात्र ते वनच राहते.

पाण्याचे आणि कार्बनचे गणितही असेच फसते. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभरच्या पाणलोटांचा एक अभ्यास आला. गवताळ, झुडपी किंवा शेतजमिनीवर वृक्षलागवड झाल्यावर ओढ्यांचे पाणी सरासरी निम्म्याने घटले होते आणि १३ टक्के ओढे किमान वर्षभर पूर्ण आटले होते. पर्यायी वनीकरणासाठी ‘पडीक’ म्हणून अनेकदा अशीच गवताळ माळराने शोधली जातात, हे इथे लक्षात ठेवावे. ‘नेचर’मधल्या २०१९ च्या लेखाने हिशेब मांडला की, नैसर्गिक जंगल परत येऊ दिले तर ते लागवडीच्या सुमारे चाळीस पट कार्बन साठवते. लागवड भराभर वाढते हे खरे, पण ती तोडण्यासाठीच वाढवलेली असते. लाकडाची काढणी झाली की साठलेला कार्बन बराचसा पुन्हा हवेत.

तिवरांच्या बाबतीत तर झाडांपेक्षा चिखल महत्त्वाचा. खारफुटीतला बहुतेक कार्बन मुळांखालच्या गाळात असतो, आणि तो गाळ साचायला शतके लागतात. निवट्या, चिंबोरी, कोळंबीची पिल्ले याच मुळांच्या आडोशाने वाढतात. उत्तन-भाईंदरच्या कोळ्याला चंद्रपूरच्या रोपांचा काय उपयोग? तिथे समुद्रच नाही. किनाऱ्यावर पुन्हा तिवरे लावू म्हटले तरी काम सोपे नाही. फिलिपिन्समध्ये अनेक वर्षे मोठा खर्च करून कांदळाची लागवड झाली. भरतीत बराच वेळ बुडणाऱ्या उघड्या चिखलपट्ट्यांवर, भलत्या जातीची रोपे लावल्याने बहुतेक ठिकाणी दहा-वीस टक्केच जगली. शिवाय अशा चिखलपट्ट्या म्हणजे स्थलांतरित पक्ष्यांचे चरण्याचे ठिकाण. तिथे रोपे खोचणे हे आणखी एक नुकसान.

यावर काही आक्षेप रास्त आहेत. मेट्रो आली तर गाड्यांचा धूर कमी होईल, आणि विरारच्या लोकलला लोंबकळणाऱ्याला पर्याय हवाच आहे. मान्य. प्रकल्प टाळता येत नसेल तर तसे सांगावे, पण गमावलेले भरून निघाले असे सांगू नये. दुसरा युक्तिवाद असा, की लागवडीतून लाकूड मिळाले तर जंगलावरचा भार हलका होतो. चिलीमध्ये याच आशेवर १९७४ पासून २०१२ पर्यंत अनुदान दिले गेले. लागवडीखालचे क्षेत्र वाढले आणि मूळ जंगल घटले, कारण पैसा लागवडीत होता. तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: उजाड जमीन तशीच ठेवण्यापेक्षा काही तरी लावलेले बरे नाही का? नेहमीच नाही. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने १९९० च्या दशकात चैतराम पवार यांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, आणि चारशेहून अधिक हेक्टरवर जंगल परत आले. जमिनीतली मुळे, बिया आणि खोडांचे बुंधे शाबूत असतील तर राखण पुरते. मात्र राखणीचे उद्घाटन करता येत नाही, फीत कापता येत नाही, म्हणून ती योजनांमध्ये मागे पडते.

महाराष्ट्राच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. तोडायच्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावायची, असा नियम त्यात आला. जुन्या झाडाची किंमत अधिक, हे कायद्याने मानले ही प्रगतीच. पण उत्तर पुन्हा रोपांच्या संख्येतच शोधले. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची पुढची नोटीस निघेल तेव्हा हरकतींची मुदत थोड्याच दिवसांची असेल. मीरा-भाईंदरकरांनी त्या मुदतीत किती झाडे लावणार हे विचारू नये. कोणत्या जाती, याच पाणलोटात की दुसऱ्या जिल्ह्यात, आणि आधीच्या भरपाईतली किती रोपे आज जिवंत आहेत, हे लेखी विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत हरकत मागे घेऊ नये.