अडुसष्टला दोर गुंडाळायचा

मासेमारीसाठी पहाटे साडेतीनला एडिसनहून गाडी काढली की उजाडता उजाडता न्यूयॉर्क राज्यातलं रॉस्को येतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत जुलैचा शनिवार म्हणजे कुणाकडे तरी बार्बेक्यू, नाहीतर मंडळाच्या गणपतीची मीटिंग. दोन्हींतून सुटायचं तर अंधारातच निघालेलं बरं. सोबत वसईचा एक मित्र असतो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते आणि शर्टाच्या खिशात दोरी बांधलेला थर्मामीटर. बाकी सगळं विसरलं तरी भागतं, हा विसरून चालत नाही.

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. पाणी तापलं की त्यात विरघळणारा ऑक्सिजन कमी होतो आणि त्याच वेळी माशाच्या अंगाला तो जास्त लागतो. 68 अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले 20 अंश सेल्सियस, ही इथल्या गळवाल्यांनी मानलेली रेघ. त्यापुढे गळाला लागलेला मासा झुंजून थकतो तो पुष्कळदा सावरतच नाही. हातातून सुळकन गेलेला दिसतो आणि तासाभराने कुठेतरी खडकाखाली उलटा होतो. ‘पकडला आणि सोडला’ असं म्हणून समाधान मानणाऱ्यांना हे दिसत नाही, एवढंच.

साडेपाच. विलोमॉक नदी. रॉस्को गावातच ही बीव्हरकिलला मिळते. कॅट्सकिल डोंगरांतली ही दोन्ही पाणी अमेरिकन फ्लाय फिशिंगचं, म्हणजे गळाला नकली किडा (फ्लाय) लावून मासा धरण्याचं, माहेरघर मानली जातात. जुलैत मात्र पात्रात पाणी कमी, नितळ, गुडघ्याएवढं. थर्मामीटर 63 दाखवतो. हातात फार तर चार तास आहेत.

एवढ्या नितळ पाण्यात मासा तुम्हाला आधी पाहतो. म्हणून पाण्यात उतरायचंच नाही, काठाने वाकून चालायचं. लीडर, म्हणजे दोराच्या पुढचा बारीक भाग, बारा फुटांचा, टोकाचं तंगूस केसासारखं. वसंतातले मेफ्लायचे थवे केव्हाच संपलेले असतात, त्यामुळे आता माशांची भिस्त वरून पडणाऱ्या किड्यांवर: मुंग्या, भुंगेरे, नाकतोडे. हेमलॉकची फांदी जिथे पाण्यावर ओणवी झालीये तिथे काळ्या फोमचा भुंगेरा टाकायचा, तोही अलगद नाही. चांगला टप्प आवाज व्हायला हवा, कारण फांदीवरून पडणारा खरा भुंगेरा तसाच पडतो.

आज दुसऱ्याच फांदीखाली पाणी किंचित फुगलं. ओठ दिसले, भुंगेरा गेला. फूटभराचा ब्राउन ट्राउट. आधी स्वतःचे हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग बुरशी धरते. जाळीतच, पाण्यातच ठेवून पाहिला: लोण्यासारखं पिवळं पोट, बाजूला लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवलेला, त्यामुळे बोटाच्या एका झटक्यात सुटला. हा मासा इथला नव्हे. 1883 साली जर्मनीहून त्याची अंडी न्यूयॉर्कला आली. मूळचा रहिवासी ब्रुक ट्राउट, तो आता वरच्या थंड ओढ्यांत सरकलाय. परदेशातून येऊन चांगली जागा पटकावली म्हणून याला नावं ठेवणाऱ्यांत मी तरी बसत नाही.

“एक तरी नेऊया रे घरी,” मित्र दर वेळी म्हणतो. रवा लावून तळायला हरकत काहीच नाही, नियमात बसत असेल तिथे जरूर न्यावा. पण न्यायचा तर न्यायचा म्हणून धरावा. कोमट पाण्यात डझनभर सोडून डझनभर मारण्यापेक्षा दोन नेलेले परवडले.

सव्वानऊला 66. दहाला दहा मिनिटं असताना 68. दोर गुंडाळला. नेमकं तेव्हाच समोरच्या डोहात काहीतरी मोठं हललं. हलू दे.

दहा ते एक हा वेळ गाडीचा, दशम्यांचा आणि फ्लायच्या दुकानात नको ते विकत घेण्याचा. वाटेत बीव्हरकिलवर हॉर्टनचा लोखंडी पूल लागतो. त्याच्याखालचा पट्टा 1 जुलै ते 31 ऑगस्ट मासेमारीला बंद. उन्हाळ्यात नदी तापली की ट्राउट थंड ओढ्याच्या मुखाशी, झऱ्याच्या तोंडाशी गोळा होतात, अंगाला अंग लावून उभे राहतात. अशा ठिकाणी लहान पोरालाही मासा मिळेल. म्हणून तर बंदी.

दीड वाजता डिपॉझिट. डेलावेअर नदीची पश्चिम शाखा, वर कॅननसव्हिल धरण. हवेत 30 अंश सेल्सियसचा उकाडा आणि थर्मामीटर म्हणतो 48, म्हणजे जेमतेम 9 सेल्सियस. वेडर्सच्या, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीच्या, आत लोकरी पँट चढवायची, भर जुलैत. पाण्यावर वाफेसारखं धुकं रेंगाळत असतं.

ही थंडी माणसाने केलेली आहे आणि माशांसाठी केलेली नाही. न्यूयॉर्क शहराची तहान भागवायला 1960च्या दशकात हे धरण झालं. कॅननसव्हिल गाव आणि आजूबाजूची वस्ती पाण्याखाली गेली. धरणग्रस्त हा शब्द आपल्याला कोयनेने, उजनीने शिकवला, इथल्या म्हाताऱ्यांकडे तेच दुखणं इंग्रजीत ऐकायला मिळतं. पाण्याचं भांडणही ओळखीचं: वरच्या राज्याने अडवलं तर खालच्यांनी काय प्यायचं? 1954 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला. न्यूयॉर्कने रोज 80 कोटी गॅलनपर्यंत पाणी न्यावं, पण खाली न्यू जर्सीत माँटेग्यूला नदीचा प्रवाह 1,750 क्युसेकच्या खाली जाऊ देऊ नये. त्यासाठी ‘रिव्हर मास्टर’ नावाचा अधिकारी नेमला. पाऊस ओढ देतो, माँटेग्यूचा आकडा घसरतो, आणि याचा आदेश निघतो की धरणाच्या तळातून पाणी सोडा. तळातलं पाणी थंडगार. म्हणजे उन्हाळा जितका कोरडा, तितकं इथे थंड पाणी जास्त, निदान तळाचा साठा पुरेल तोवर. आपल्याकडे कालव्याला आवर्तन सुटलं की ऊस हसतो, इथे ट्राउट.

अडीचच्या सुमारास सल्फर निघायला लागतात: गंधकी पिवळ्या, जेमतेम सात-आठ मिलिमीटरच्या मेफ्लाय. बाकीच्या नद्यांवर त्यांचा हंगाम जूनमध्ये आटोपतो आणि त्या निघतात तिन्हीसांजेला. इथे थंड पाण्यामुळे सगळं लांबतं, ऑगस्टपर्यंत चालतं आणि भर दुपारी चालतं. पाण्यावर शेकडो नाकं वर येतात. नवख्याला वाटतं, आता लुटायचं. प्रत्यक्षात दुपारभर एकाच माशापुढे उभं राहावं लागतं.

माझा आजचा मासा काठापासून हातभर अंतरावर, एका लाकडामागे. दर पाच-सहा सेकंदांनी एक सल्फर खातोय. माझी फ्लाय त्याच्या नाकावरून जाते, तो वर येतो, बघतो आणि खाली जातो. दोराला प्रवाहाची ओढ बसून फ्लाय तसूभर तिरकी सरकली तरी त्याला कळतं. तंगूस आणखी बारीक केलं. फ्लाय बदलली. पंख पूर्ण उघडलेली नको, अर्धवट कातेतून निघणारी हवी, हे कळायला साडेचार वाजले. पाचच्या आसपास त्याने ती घेतली, प्रवाहात गेला आणि तिसऱ्या झेपेत तंगूस तुटलं. मित्र हसला नाही. त्याचंही तेच झालं होतं.

सहानंतर फारसं काही घडत नाही. बोटं आखडतात, उरलेली चटणी संपते. सूर्य डोंगराआड गेल्यावर तासभर पुन्हा हालचाल होते, पण धुक्यात स्वतःची फ्लाय दिसत नाही, आवाजावर अंदाजाने दोर ताणायचा. नऊला गाडीत, बारापर्यंत घरी.

येणार असाल तर न्यूयॉर्क राज्याचा एक दिवसाचा परवाना बाहेरच्यांना 10 डॉलरना ऑनलाइन मिळतो. निघायच्या आधी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याच्या) साइटवर पश्चिम शाखेवरच्या हेल एडीचा प्रवाह आणि तापमान पाहा. हजार क्युसेकच्या वर असेल तर काठावरूनच खेळा, पाय टिकणार नाहीत. महागडी रॉड नंतर घ्या, आधी थर्मामीटर घ्या. आणि सकाळच्या नदीवर तो 68 दाखवील तेव्हा, समोर कितीही मोठा मासा हलत असला तरी, दोर गुंडाळा.