पितळी पुंगळ्यांची आंघोळ

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत एका सहकाऱ्याच्या घरी मुक्कामाला होतो. जेवणे झाल्यावर गॅरेजमधून एकसारखी खळखळ ऐकू येऊ लागली. जाऊन पाहिले, तर रबरी अस्तराचे एक छोटे पिंप आडवे पडून सावकाश फिरत होते आणि त्यात वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या धुतल्या जात होत्या. तिकडचे अनेक हौशी नेमबाज रिकामी पुंगळी फेकत नाहीत. ती स्वच्छ करून, नवी टोपी, दारू आणि गोळी भरून पुन्हा वापरतात. आपल्याकडे काडतुसे बाळगण्यावर कडक कायदेशीर बंधने आहेत, त्यामुळे हा उद्योग आपल्यासाठी नाही. पण त्या पिंपातले रसायनशास्त्र आपल्या देव्हाऱ्यातल्या समईचेच आहे.

पुंगळीच्या पितळात ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. असे पितळ थंड असतानाच दाबून, ओढून चकतीची लांब नळी करता येते. गोळी उडाली की आत काजळी बसते, बाहेर ऑक्साइडचा काळपट थर चढतो.

पिंपात पाणी, थोडा भांड्यांचा साबण, पाव चमचा सायट्रिक आम्ल आणि स्टेनलेस स्टीलच्या काड्या असतात. काड्या जेमतेम १ मिलिमीटर जाड व ६ मिलिमीटर लांब, पण वजनाने दोन किलोभर! त्या पुंगळीच्या आत शिरून कानाकोपरा घासतात. आपल्याकडची रांगोळी किंवा राख हेच काम करते. सुटलेली काजळी साबण पाण्यात तरंगत ठेवतो. आम्ल ऑक्साइड विरघळवते आणि सुट्या झालेल्या तांब्याच्या आयनांना धरून ठेवते. चिंचेचा कोळ याहून वेगळे काही करत नाही, फक्त त्यातले आम्ल टार्टारिक.

पिंप जोरात फिरवले तर काम लवकर होईल का? वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे. पिंपाची त्रिज्या ७.५ सेंटिमीटर धरा. भिंतीलगतची वस्तू सर्वात वरच्या बिंदूलाही खाली पडू नये, तर केंद्राभिमुख त्वरण गुरुत्वत्वरणाइतके हवे. गणित केले तर मिनिटाला सुमारे ११० फेरे येतात. त्याहून वेगात सगळा माल भिंतीला चिकटून फिरेल आणि घासणे बंद पडेल. म्हणून पिंप याच्या निम्म्या वेगाच्या आसपासच फिरवतात.

आम्ल जास्त झाले किंवा पुंगळ्या फार वेळ राहिल्या, तर त्या गुलाबी दिसू लागतात. जस्त तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील, म्हणून पृष्ठभागावरून ते आधी निघून जाते आणि तांबे उरते. विरघळलेले तांबे मुलांना दाखवायचे असेल, तर काळवंडलेल्या तांब्याच्या तारेचे तुकडे लिंबाचा रस व चिमूटभर मीठ यांत काही तास ठेवा. नंतर त्याच रसात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढतो.

पितळ चकचकीत करायला अमोनियाही चालतो, आणि काही पॉलिशांत तो असतोही. पुंगळीला मात्र तो लावायचा नाही. याचा धडा मिळाला तो भारतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठवली जात, आणि कोणी हात न लावता पुंगळ्यांना तडे जात. नळी ओढताना पितळात शिल्लक राहिलेला ताण, दमट हवा, आणि घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया अशा तिघांचे ते काम होते. अमोनिया तांब्याशी विद्राव्य संयुगे बनवतो. ही झीज स्फटिककणांच्या सीमांवरून आत सरकते आणि ताण ती फट उघडत नेतो. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये याचा उलगडा केला. बेताची उष्णता देऊन ताण घालवणे हा त्यावरचा उपाय. तडा सूक्ष्म असतो. पुंगळी वरून लखलखीत दिसली तरी बार उडताना फाटू शकते, आणि तेव्हा बंदूक नेमबाजाच्या गालाशी असते.

धुतलेल्या पुंगळ्या भरपूर पाण्याने खळबळून शंभर अंशांखालीच वाळवतात. फार तापवल्या तर पितळ मऊ पडते, आणि पुंगळीचा बुडखा कठीणच राहायला हवा.

आणखी एक गोष्ट सहकाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती. बहुतेक टोप्यांमधल्या स्फोटकात शिसे असते. कोरड्या पद्धतीने, म्हणजे अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीत पुंगळ्या घोळवल्या, तर ते धुळीबरोबर नाकात जाते. ओल्या पद्धतीत धूळ उडत नाही, पण शिसे पाण्यात उतरते. ते काळे पाणी तो स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतत होता, काड्या गाळायला घरातलीच चाळणी होती, आणि घरात चार वर्षांची मुलगी. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची थोडी मात्राही बाधते. दुसऱ्या दिवशी त्याने मोरी घासून काढली, चाळणी गॅरेजमध्ये नेली आणि पाण्यासाठी झाकणाचा वेगळा डबा आणला.